ब्रदर लायलच्या काड्या

फेब्रुवारीतला तिसरा रविवार होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि स्टोनर्स रन गावातली दोनेकशे माणसं स्केटिंगच्या जुन्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर काचेची बरणी. कुणाच्या बरणीत नुसतीच तपकिरी काडी, तर कुणाच्या बरणीत तसल्याच काडीला, एक पानसुद्धा नसताना, अंगभर पिवळीजर्द फुलं. ज्यांच्या काड्या फुलल्या होत्या ते बरणी उंच धरून रडत होते. ज्यांच्या फुलल्या नव्हत्या ते बरणी कोटाखाली लपवत होते. छताला स्केटिंगच्या दिवसांतला आरशांचा गोळा अजून लटकत होता. त्याचे कवडसे सगळ्यांच्या तोंडांवरून फिरत होते आणि त्या रडण्याला भलतीच शोभा आणत होते.

स्टेजवर ब्रदर लायल टॅकेट उभा होता. निळा सूट, चापून बसवलेले केस, आवाज असा की लहान मूल झोपावं. "मी कोण?" तो म्हणाला. "मी कुणी नाही. मी पोस्टमन. पत्र वरून येतं, मी नुसतं पोचवतो. ह्या काडीत काय आहे? काही नाही. मेलेलं लाकूड. चुलीत घालायच्या लायकीचं. पण ज्याचा भरवसा अख्खा आहे त्याच्या घरी हे मेलेलं लाकूड दहा दिवसांत बोलतं. आणि ज्याच्या घरी काडी बोलली, त्याचा आजार गप्प बसतो."

पाचव्या रांगेत बसलेली आर्डिस क्लिंगर मनात म्हणाली, पोस्टमन असा घरोघरची पत्रं फोडून वाचत नाही बाबा. कारण काडी देण्याआधी हा माणूस प्रत्येकाला जवळ घेऊन, खांद्यावर हात ठेवून तीन प्रश्न विचारायचा. आजार कोणता? डॉक्टर कोण? पुढं कधी जायचंय? उत्तर ऐकलं की डोळे मिटायचा, मागं वळायचा, आणि पांढऱ्या फडक्यानं झाकलेल्या दोन बादल्यांपैकी एकीतून काडी काढून हातात द्यायचा.

आर्डिसला काडी ओळखायला जवळ जायची गरज नव्हती. गावाबाहेर एकतीस वर्षं ती झाडांची नर्सरी चालवत होती. ते फॉर्सिथियाचं लाकूड होतं, त्यातही कमरेच्या वर न वाढणाऱ्या ठेंगण्या जातीचं. ओहायोमध्ये घरासमोर लावायला इतकं बिनकटकटीचं झुडूप दुसरं नाही. खत नको, पाणी नको, हिवाळ्यात सगळी पानं गाळून निवांत झोपतं. जुन्या गिऱ्हाइकांना ती नेहमी म्हणायची, याच्याकडे दुर्लक्ष करा, तेच याचं खत.

तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण ट्रूडी बसली होती आणि तिची बरणी कोटाखाली होती. ट्रूडी विधवा, गावातल्या शाळेच्या मुदपाकखान्यात वीस वर्षं सूप ढवळलेली बाई. डिसेंबरात तिला छातीत गाठ लागली. जिल्ह्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर पावलकनी सांगितलं, गाठ लहान आहे, वेळेत आलात, सहा मार्चला काढून टाकू. ट्रूडी घाबरली. तिच्या नवऱ्यालाही हॉस्पिटलनं असंच हसून आत नेलं होतं आणि परत दिलं नव्हतं. जानेवारीअखेर तिनं ब्रदर लायलकडून काडी घेतली. काडी फुलली नाही.

"ट्रूडी बहिणी, पुढं ये," ब्रदर लायल म्हणाला. ती गेली. त्यानं तिची उघडीबोडकी काडी सगळ्यांना दाखवली आणि अगदी मायेनं विचारलं, "तारीख अजून ठेवली आहेस ना?"

ट्रूडीनं मान डोलावली.

"एक पाय देवाच्या दारात आणि एक पाय दवाखान्याच्या. काडीला कळतं, बहिणी. तिला फसवता येत नाही."

सोमवारी सकाळी ट्रूडीनं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन उचलला आणि सहा मार्चची तारीख रद्द केली. त्याच संध्याकाळी तिला नवी काडी मिळाली. आठव्या दिवशी ती फुलली, वरपासून खालपर्यंत.

हे कळताच आर्डिस तशीच मातीच्या बुटांनी तिच्या घरी गेली. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं दारातच सांडलं. अगं हे फॉर्सिथिया आहे, ती म्हणाली, ह्याच्या कळ्या मागच्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसतात, हिवाळ्याची थंडी खाऊन झाली की फांदी तोडून ऊबदार खोलीत पाण्यात ठेव, पाळण्यातल्या पोराच्या हातूनसुद्धा फुलेल. ट्रूडीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं.

"मग माझी पहिली का नाही फुलली? तीच बरणी, तीच खिडकी, पाणीही मीच बदलत होते."

आर्डिसकडे उत्तर नव्हतं. एकतीस वर्षं झाडांत घालवून उत्तर नव्हतं, आणि ट्रूडीला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

गावात तर तिला कुणी उभंच करेना. हार्डवेअरचं दुकान चालवणारा हार्लन मेट्झ चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "आर्डिसबाई, ते झुडूप माझ्या दारात वीस वर्षं आहे. तुमच्याकडूनच आणलं होतं. वीस वर्षांत एक फूल बघितलं नाही मी. आणि तुम्ही म्हणता ते आपोआप फुलतं?"

गिऱ्हाइकं हसली. आणि ह्यातली खरी गंमत, गंमत कसली, दुर्दैव, हे की हार्लन खोटं बोलत नव्हता. स्टोनर्स रनमध्ये दर ऑक्टोबरात नीटनेटक्या अंगणांची स्पर्धा व्हायची. पंधरा वर्षं अध्यक्ष हार्लनच. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी अख्खं गाव विजेची कात्री घेऊन बाहेर पडायचं आणि दिसेल ते झुडूप पावासारखं गोल कापायचं. एक फांदी बाहेर आली की गुण कमी. उन्हाळाभर झुडपानं फांद्यांवर जमवलेल्या कळ्या त्या एका दिवसात कचऱ्याच्या पिशव्यांत जायच्या. आर्डिस दर वर्षी घसा कोरडा करायची की अरे, फुलं येऊन गेली की मे महिन्यात काय कापायचं ते कापा, जुनी खोडं बुडातून काढा, पुढं वर्षभर हात लावू नका. पण मे महिन्यात स्पर्धा नसायची. असं वीस वर्षं सगळं गाव रोज ते झुडूप बघत होतं आणि त्याचं फूल कुणीच बघितलेलं नव्हतं.

आर्डिसच्या काचघरामागं मात्र त्याची न कापलेली एक लांबलचक रांग होती. त्या दिवशी दुकानातून परतताना तिला जानेवारी आठवला. हॉलमधला एक माणूस आला होता, प्रार्थनेच्या जागी सजावटीला थोड्या फांद्या मिळतील का म्हणून. घ्या की, ती म्हणाली होती, आणि बघायलाही गेली नव्हती. आता ती गेली. रांग भादरलेली होती. माझ्याच झुडपांनी माझ्या बहिणीची तारीख मोडली, तिच्या मनात आलं, आणि ती बर्फात तशीच उभी राहून मोठ्यानं रडली.

पण रडून ट्रूडीच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं न फुललेल्या काड्या गोळा करायला सुरुवात केली. लोक लाजेनं द्यायला तयार नव्हते. कुणाची कचऱ्यातून उचलली, कुणाची मागच्या दारानं घेतली. पाच मिळाल्या. पाचही घरांत तिनं एकच चौकशी केली, आणि पाचही घरांत एकच उत्तर आलं. एकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, एकीची पुढची तपासणी ठरलेली होती, एक म्हातारा आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात जात होता. ज्यांनी डॉक्टर सोडला नव्हता त्यांच्याच काड्या गप्प होत्या. आणि ज्यांनी सोडला होता त्यांच्या झाडून फुलल्या होत्या.

तिनं एका काडीची साल नखानं खरवडली. जिवंत फांदी हिवाळ्यात कितीही मेल्यासारखी दिसली तरी सालीखाली हिरवी असते, हे रोपं विकणाऱ्याला झोपेतही माहीत असतं. ही आतून तपकिरी निघाली, मऊ, उकडलेल्या शेंगेसारखी. बोट लावताच कळ्या गळून पडल्या. पाचही तशाच.

बुधवारी दुपारी हॉलमध्ये कुणी नव्हतं. खुर्च्या पुसणाऱ्या बाईला आर्डिस म्हणाली, मागच्या रविवारी माझा केकचा डबा राहिला, आणि सरळ खाण्याच्या काउंटरमागं गेली. स्केटिंगच्या काळात तिथं सॉसेज उकडायचे. ते मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं अजून शेगडीवर होतं, आणि त्याच्या काठाला सालीचे तुकडे आणि कळ्यांची टरफलं चिकटलेली होती. तिनं ते तसंच पिशवीत घातलं.

एवढं हाती आल्यावर आर्डिसनं ट्रूडीकडे जायला हवं होतं. पातेलं मेजावर ठेवायचं, कॉफी ओतायची, बहिणीचा हात धरून सांगायचं. ती गेली नाही. हार्लनच्या दुकानातलं ते हसू तिच्या कानांत होतं. ती रविवारची वाट बघत बसली, आणि हे तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

रविवारी ब्रदर लायल रंगात आला होता. शंका हा एक किडा आहे, तो सांगत होता, तो कानातून शिरतो आणि काळजाशी बिऱ्हाड करतो, आणि ज्यांच्या काळजात बिऱ्हाड आहे त्यांनी काडीला हात लावू नये, काडी भाजते. आर्डिस उठली आणि सरळ स्टेजवर चढली.

"माझ्या काळजात तर बिऱ्हाडच आहे," ती म्हणाली. "तेव्हा काडी हार्लन धरेल. हार्लन, ये वर. तू तर ह्यांचाच माणूस आहेस."

हार्लनला नाही म्हणता येईना. ब्रदर लायल हसत म्हणाला की ह्या बहिणीला विश्रांतीची गरज आहे, पण तोवर तिनं दोन्ही फडकी ओढून काढली होती. डाव्या बादलीतून एक काडी, उजवीतून एक, दोन्ही हार्लनच्या हातात.

"डावी नखानं खरवड."

हार्लननं खरवडली. "हिरवी आहे," तो म्हणाला.

"आता उजवी."

तो खरवडत राहिला, जरा वर, जरा खाली, पुन्हा मधे. शेवटी त्यानं काडी पुढच्या रांगेतल्या बाईच्या हातात दिली आणि तिनं खरवडून शेजारच्याला. दोन्ही बादल्या हळूहळू लोकांच्यात आल्या. दोनशे माणसं नखांनी काड्या खरवडत होती आणि ब्रदर लायल संशयाच्या बाधेबद्दल बोलत होता, पण आता त्याचा आवाज कुणाला झोपवत नव्हता.

आर्डिसनं पिशवीतून पातेलं काढलं आणि स्टेजवर आदळलं. कोणती बादली ह्यात उकडली जाते, कुणाला कोणती काडी मिळते, तीन प्रश्न कशासाठी असतात, तिनं सगळं सांगितलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण तिचं रक्त तापलं होतं. "माझ्या बहिणीनं," तिनं ट्रूडीकडे बोट केलं, "माझ्या सख्ख्या बहिणीनं ह्या सॉसेजच्या पातेल्यापायी ऑपरेशनची तारीख मोडली!"

कुणीतरी हसलं. वाईट मनानं नसेल, ताण सुटला की माणूस हसतो. पण मग आणखी दहाजण हसले. ट्रूडी लाल झाली, मग पांढरी झाली, आणि कोट न घेता बाहेर पडली.

मंगळवारपर्यंत ब्रदर लायल गावातून नाहीसा झाला. लोक म्हणू लागले, आम्हाला पहिल्यापासून वाटतच होतं. हार्लननं तर जाहीर केलं की अंगणाची स्पर्धा आता मे महिन्यात. आर्डिसची गावात वट वाढली. गुडघा दुखतो, पोराला पुरळ आलंय, हे लोक तिला रोपांच्या काउंटरवर विचारू लागले, आणि ती म्हणायची, मला काय विचारता, पण तिला ते आवडत नव्हतं असं नाही.

ट्रूडी मात्र दार उघडत नव्हती. आर्डिसनं डॉक्टर पावलककडून दहा एप्रिलची नवी तारीख मिळवली होती. ती सांगायला आर्डिस मागच्या दारानं आत शिरली. ट्रूडीनं भांडी घासणं थांबवलं नाही.

"पहिली उकडलेली होती. मान्य. दुसरी उकडलेली होती?"

"नव्हती."

"मग ती फुललीच ना."

"अगं, ती फुलणारच होती! गाठीचा आणि तिचा संबंध काय? तुझ्या बाजूनं नाही, कुणाच्याच बाजूनं नाही, ती झाडाची फांदी आहे."

"तू जिंकलीस, आर्डिस. गावानं टाळ्या वाजवल्या. आता मला राहू दे."

दहा एप्रिल गेली. उन्हाळा गेला. आर्डिसनं पत्रं लिहिली, चर्चच्या पाळकांना मधे घातलं, डॉक्टरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. डॉक्टर म्हणाले, शहाणी सवरती बाई आहे, उचलून आणता येत नाही. सप्टेंबरात ट्रूडीचा हात सुजला, इतका की बाही चढेना, तेव्हा तिनं स्वतः फोन केला. डॉक्टर पावलकनी तपासलं. आता कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, दुखणं सगळीकडे पोचलं होतं.

शेवटचे महिने ट्रूडी बहिणीकडेच होती. आर्डिस तिला न्हाऊ घालायची, पातळ सूप पाजायची. एका दुपारी चमचा बाजूला सारून ट्रूडी म्हणाली, "त्यानं काडी उकडली. पण फोन मी केला. माझ्या बोटानं. लोकांना सांगशील तेव्हा हेही सांग, नाहीतर पुढची बाई म्हणेल, आमचा ब्रदर कुठं काड्या उकडतो."

"सांगेन."

"आणि तू मला हे स्वयंपाकघरात सांगायला हवं होतंस."

"हो," आर्डिस म्हणाली. ह्याहून जास्त काय म्हणणार? तिनं सूप गरम करायला नेलं आणि शेगडीपाशी दाराकडे पाठ करून ओठ चावून रडली.

ट्रूडी जूनमध्ये गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम, बटाट्याचं सॅलड, बायकांनी घरून आणलेले केक. लोक हलक्या आवाजात बोलत होते. कुणी आर्डिसला म्हणालं, देवाची मर्जी. ती म्हणाली, मर्जी नव्हे, सहा महिने उशीर. म्हणणाऱ्याला वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागं घेतला नाही. मग तिनं उभी राहून ट्रूडीचा निरोप जसाच्या तसा सगळ्यांना सांगितला, फोनचाही आणि स्वयंपाकघराचाही. ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

नंतर ती ताटल्या धूत असताना हार्लन मेट्झ आला. टाय सैल केलेला, हातात टोपी. त्यानं टोपी बाजूला ठेवली आणि पुसायचं फडकं उचललं. मग म्हणाला, जिभेखाली एक फोड आहे. नाताळापासून. बरा होत नाही, आता गिळताना लागतो.

"डॉक्टरांना दाखवलास?"

"त्या लायलच्या नादी लागून अशी नाचक्की झाली, आता कुणाचंच खरं वाटत नाही मला. तुझं वाटतं. तू एकदा बघ ना आर्डिस. तू म्हणालीस काही नाही, तर काही नाही." आणि त्यानं खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून जबडा उघडला.

आर्डिसनं हातातली ताटली खाली ठेवली. हाच माणूस, हाच चेहरा, हॉलमध्ये बरणी धरून असाच वर बघायचा. त्याचं काहीही बदललेलं नव्हतं, नुसतं समोरचं माणूस बदललं होतं, आणि त्या जागी आता ती उभी होती.

"तोंड मीट," ती म्हणाली. "मी झुडपं विकते, हार्लन. मला काडीची साल खरवडता येते, तुझी जीभ नाही. मी बघून काही नाही म्हटलं, तर मी आणि तो लायल सारखेच. ज्याला तपासता येतं त्याच्याकडे जा. आणि तो जे सांगेल ते कशावरून सांगतो, तेही त्याला विचार. माझ्यावर भरवसा ठेवून घरी बसू नकोस."

"उद्या जातो."

"उद्या नाही." तिनं हात पुसले आणि खुंटीवरच्या किल्ल्या घेतल्या. "पावलक पाचपर्यंत असतात. आता तीन वाजलेत. चल, गाडीत बस."